कोठारावरच्या चित्राचं काचेचं कूळ

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात माउंट व्हर्नन नावाचं छोटं गाव आहे. तिथे रस्त्यालगतच्या एका कोठाराच्या भिंतीवर ग्रँट वुडचं ‘अमेरिकन गॉथिक’ रंगवलं गेलं. मूळ चित्र जेमतेम ७८ सेंटिमीटर उंच. कोठाराएवढं वाढवूनही ते विसविशीत का होत नाही? माझ्या मते याचं उत्तर काचेत आहे.

चित्राची जन्मकथा सर्वश्रुत आहे. १९३० साली वुडने एल्डन गावात टोकदार कमानीची खिडकी असलेलं एक लाकडी घर पाहिलं. बहीण नॅन आणि दातांचे डॉक्टर बायरन मॅकीबी यांना त्याने त्या घरापुढे उभं केलं, तेही फक्त चित्रात. शिकागोच्या प्रदर्शनात त्याला ३०० डॉलरचं बक्षीस मिळालं.

खरी गोम त्याच्या दोन वर्षं आधीची आहे. सीडर रॅपिड्सच्या सैनिक स्मारकासाठी २४ फूट उंच, २० फूट रुंद अशी रंगीत काचेची खिडकी करण्याचं काम वुडकडे आलं. त्यासाठी १९२८ मध्ये तो म्युनिकला गेला. तिथल्या संग्रहालयातल्या मेमलिंगसारख्या जुन्या फ्लेमिश चित्रकारांनी त्याची शैली बदलली, असं अभ्यासक सांगतात. वुडनेही श्रेय त्यांनाच दिलं.

चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती, गळ्याजवळचा ब्रूच, हे मेमलिंगचं देणं मला मान्य आहे. पण चित्रातल्या प्रत्येक आकाराला कापून काढल्यासारखी कड आहे, ती कुठून आली? चित्रातल्या शेतकऱ्याच्या हातातल्या दाताळ्याचे तीन दात त्याच्या ओव्हरऑलच्या शिवणीत पुन्हा का उमटतात? प्रत्यक्ष घरातल्यापेक्षा चित्रातली खिडकी उभट का? काचकामात तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. तिथे कड धूसर ठेवून भागत नाही. खाली उभ्या माणसाला आकार लांबूनच कळला पाहिजे. २४ फुटी काम करताना लागलेली ही शिस्त पुढे ७८ सेंटिमीटरच्या फळीवर उतरली, असा माझा ठाम तर्क आहे.

मग हे नातं मागे का पडलं? ती काच जर्मनीत घडली म्हणून अमेरिकन क्रांतिवीरांच्या वारस स्त्रियांच्या संघटनेने आक्षेप घेतला. पहिलं महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. १९३२ मध्ये वुडने ‘डॉटर्स ऑफ रेव्होल्यूशन’ रंगवून त्यांना उत्तर दिलं. त्या भांडणाचीच चर्चा उरली आणि काचेची कारागिरी झाकोळली, असं मला वाटतं.

छोटं रेखाटन भिंतीएवढं करणारा भित्तिचित्रकार काचेच्या आराखड्याचंच काम वेगळ्या साहित्यात करतो. म्हणून कोठारावरच्या चित्राला मी नुसती वाढवलेली नक्कल म्हणणार नाही. इमारतीसाठी घडलेली दृष्टी तिथे पुन्हा इमारतीवर आली आहे. असल्या भित्तिचित्रांचं कूळ शोधणाऱ्याने शिकागोच्या संग्रहालयातल्या मूळ चित्राआधी सीडर रॅपिड्सची ती खिडकी पाहावी.