वाघांचा हजेरीपट

मंडळी, सरकारी आकड्यांप्रमाणे २००१-०२ साली भारतात ३६४२ वाघ होते. २००६ च्या मोजणीचा निकाल २००८ मध्ये लागला, तेव्हा उरले १४११! मधल्या काळात चोरटी शिकार झाली हे खरंच. पण मला वाटतं, त्यातले बरेच वाघ मुळात कागदावरच राहत होते.

जुनी पद्धत पावलांच्या ठशांची. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी ती साठच्या दशकात बसवली. (खैरी नावाची वाघीण घरात लेकीसारखी वाढवली, तेच हे.) वनरक्षकाने ठशावर काच धरून तो गिरवून घ्यायचा, आणि हा वाघ कोणता ते वरिष्ठांनी ठरवायचं. पण एकाच वाघाचं पाऊल चिखलात वेगळं उमटतं, वाळूत वेगळं. शिवाय वाघ वाढले की वरचे खूश. तपासणीच्या दिवशी हजेरीपट कसा भरतो, हे शाळेत नोकरी केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात दुसरी वाट धरली. (ज्ञानपीठ विजेते कन्नड लेखक शिवराम कारंथ यांचे हे चिरंजीव.) वाघ समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे त्यांनी वाटांवर बसवले. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. एकाच वाघाच्या दोन कुशीसुद्धा वेगळ्या, म्हणून कॅमेरे समोरासमोर दोन.

पण जे फोटोत आलेच नाहीत त्यांचं काय? नातीला मी हे चिंचोक्यांवर समजावलं. डब्यातून ४० चिंचोके काढा, खूण करा, परत टाकून हलवा. पुन्हा ४० काढा. त्यात खुणेचे ८ निघाले, म्हणजे पाचातल्या एकावर खूण. तर डब्यात सुमारे २००. वाघांचं गणित याहून अवघड, कारण कॅमेऱ्यासमोर येण्याची प्रत्येकाची शक्यता सारखी नसते; पण मूळ हेच.

घनता काढायची तर या संख्येला क्षेत्रफळाने भागायचं. इथे खरी मेख आहे. कडेच्या कॅमेऱ्यात आलेला वाघ अर्धा वेळ बाहेरच्या रानात हिंडतो. ते रान धरलं नाही, तर घनता फुगते. म्हणून आता कोणता वाघ कुठे कुठे टिपला गेला, हेही गणितात घेतात.

हे सगळं किती गरजेचं होतं ते राजस्थानातल्या सरिस्काने दाखवलं. कागदावर डझनाहून जास्त वाघ, आणि २००५ मध्ये कळलं की तिथे एकही नाही! पुढे २००८ च्या जूनमध्ये रणथंबोरहून एक नर हेलिकॉप्टरने तिथे आणला, गळ्यात रेडिओ कॉलर घालून. २०१० मध्ये त्याला कुणीतरी विष घालून मारलं. निदान तो गेला, हे तरी कळलं.