नक्कल की पत्ता?

गुणपत्रकाची छायाप्रत आपण सहकाऱ्याला दिली आणि त्याने तिच्यावर खाडाखोड केली, तरी मूळ पत्रक तसेच राहते. पण 'पत्रक कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे' एवढी चिठ्ठी दिली, तर त्याची खाडाखोड मूळ पत्रकावरच होते. संगणकाच्या अनेक भाषांत माहितीचे असेच दोन प्रकार असतात. एकात चलामध्ये खुद्द मूल्य असते, दुसऱ्यात मूल्य जिथे ठेवले आहे तिथला पत्ता. त्यांना आपण मूल्य-प्रकार आणि संदर्भ-प्रकार म्हणू.

हाती येईल त्या माहितीची पूर्ण प्रत काढणारा प्रोग्रॅम लिहायचा असेल, तर समोर मूल्य आहे की पत्ता, हे त्याला चालता चालताच कळायला हवे. नाही तर तो पत्रकाऐवजी चिठ्ठीचीच नक्कल करून मोकळा होईल!

प्रोग्रॅमने प्रोग्रॅमचीच तपासणी करण्याची कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेल्या लिस्प भाषेत प्रोग्रॅम यादीच्या रूपात लिहिता येई. साहजिकच दुसरा प्रोग्रॅम ती यादी वाचू शके. १९८२ साली ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेला सादर केलेल्या प्रबंधात या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. तिला 'रिफ्लेक्शन', म्हणजे आत्मपरीक्षण, म्हणतात.

१९९५ साली आलेल्या जावा भाषेत मूल्य-प्रकार ठरावीक आठच होते. १९९७ च्या १.१ या आवृत्तीपासून 'हा त्या मूलभूत प्रकारांपैकी आहे का?' असे प्रोग्रॅमला विचारता येऊ लागले. २००२ साली मायक्रोसॉफ्टची डॉटनेट प्रणाली आणि तिच्यासोबत सी-शार्प भाषा आली. तिच्यात प्रोग्रॅमरला स्वतःचे नवे मूल्य-प्रकार घडवता येतात. आता आठ नावांची यादी पाठ करून भागणार नव्हते. म्हणून तेथे प्रत्येक प्रकाराला 'इज-व्हॅल्यू-टाइप' हा प्रश्न विचारण्याची सोय आहे. उत्तर 'हो' किंवा 'नाही'.

पण नुसत्या वागण्यावरून हे ओळखता येणार नाही का? सी-शार्पमधील अक्षरमाला, म्हणजे 'स्ट्रिंग', पाहा. एकदा तयार झाली की ती बदलत नाही, त्यामुळे ती मूल्यासारखीच वागते. प्रत्यक्षात ती संदर्भ-प्रकार आहे. वरवरच्या लक्षणांवरून वर्गीकरण केले, की देवमासा मासा ठरतो. त्यापेक्षा अंतर्रचना तपासावी, हा जीवशास्त्रातला धडा येथेही लागू पडतो.