बुकर्स, लिफनर आणि फडणीस

एमबीए किंवा एमटेकला 'एंटरप्राइझ सिस्टिम्स' घेतलेल्या मुलांच्या तोंडी थोड्याच दिवसांत काही चमत्कारिक शब्द बसतात : बुकर्स, लिफनर, कुनर. ही एसएपी या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तक्त्यांमधल्या रकान्यांची नावं, पाच-पाच रोमन अक्षरांत कोंबलेली. इंग्रजीची मोडतोड वाटते खरी, पण ही मंडळी जर्मन आहेत.

1972 साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत वाइनहाइमला एसएपी ही कंपनी काढली आणि रकान्यांना मायबोलीत नावं दिली. बुकर्स म्हणजे 'बुखुंग्सक्राइस'. बुखुंग ही वहीतली नोंद, क्राइस म्हणजे वर्तुळ. ज्या परिघातल्या नोंदींचा ताळेबंद स्वतंत्र निघतो, तो परीघ. इंग्रजीत त्याचा 'कंपनी कोड' झाला आणि वर्तुळ पुसलं गेलं. कुनरमध्ये 'कुंडे' आहे, म्हणजे गिऱ्हाईक. पण मूळ अर्थ 'ओळखीचा'. आपला गिऱ्हाईक 'ग्राहक'वरून आला, म्हणजे नुसता घेणारा. (उधारी कोणाला मिळत असेल, हे सांगायला नको.) लिफनरमधला 'लिफरांट' म्हणजे माल पुरवणारा. तो फ्रेंचमार्गे लॅटिन 'लिबेरारे'पर्यंत, म्हणजे 'मोकळं करणं' इथवर पोचतो. डिलिव्हरी त्याच घरची. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून माल 'सोडवून' आणणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याला यात नवल वाटू नये.

मला सगळ्यात आवडतो तो 'बेलेग'. प्रयोगशाळेत मुलं 'ग्लोबल बाइक' नावाच्या काल्पनिक सायकल कंपनीचा कारभार चालवतात. खरेदीची ऑर्डर, माल आल्याची नोंद, पुरवठादाराचं बिल. तिन्ही जुळली की पैसे सुटतात. माल आला की त्याचा एक बेलेग, बिल चढवलं की आणखी एक. बेलेग म्हणजे नोंदीला आधार असलेला कागद. हिशेबाच्या बेलेगचं डोकं, तारीख-बिरीख, बीकेपीएफ या तक्त्यात. त्यातला 'कॉप्फ' म्हणजे डोकंच. खालच्या ओळी बीसेगमध्ये.

असा कागद आपल्याकडेही होता : फर्द. अरबीत फर्द म्हणजे एकटा, सुटा. त्यावरून कागदाचा सुटा ताव. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. दोन्ही मिळून फर्दनवीस, मग फडणवीस, फडणीस. मुजुमदारात 'मजमू' आहे, म्हणजे एकत्र केलेलं. जमाखर्चातली 'जमा' त्याच धातूची. आणि दफ्तर तर ग्रीक 'डिफ्थेरा'पासून, म्हणजे कातड्यापासून निघून फारसीतून आपल्या कचेरीत आलं. तिथून त्याचं दप्तर होऊन ते पोरांच्या पाठीवर बसलं.

1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजीमहाराजांनी पदांची फारसी नावं बदलून संस्कृत केली. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री. रघुनाथ पंडितांकडून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही करवून घेतला. बदल पुरा विचारपूर्वक होता. तरी पुढे पेशवाईत हिशेब पाहणारा फडणीसच राहिला. कारकुनाच्या बोटांत बसलेला शब्द दरबारातून काढता येतो, वहीतून निघत नाही.

जर्मन शब्दांचंही तेच. 2015 साली एसएपीची नवी आवृत्ती एस/4हाना आली, तेव्हा हिशेबाच्या विखुरलेल्या नोंदी एका नव्या, एकसंध तक्त्यात आणल्या. त्याचं नाव एसीडीओसीए. ऐकायला चांगलं इंग्रजी वळणाचं. आत उघडून पाहिलं तर कंपनीचा रकाना 'आरबुकर्स', आणि पुरवठादार अजून लिफनरच.