नेट नसतानाही ब्लॉग लिहायचाय? ओपन लाइव्ह रायटर वापरून बघा

आमच्या डोंबिवलीत शुक्रवारी अनेकदा दुरुस्तीसाठी काही तास वीज बंद असते. वीज गेली की वायफायचा राउटर बंद, आणि अख्खी सोसायटी एकदम मोबाइल डेटावर. अशा वेळी ब्राउझरमध्ये उघडलेल्या एडिटरमधून लेख सेव्ह होईल याची खात्री नाही. लॅपटॉपची बॅटरी मात्र दोन तास सहज चालते. मग लेख लॅपटॉपवरच लिहायचा, आणि नेट आलं की एका क्लिकमध्ये चढवायचा. यासाठी जे सॉफ्टवेअर मी वापरतो, त्याबद्दल आज सांगतो.

त्याचं नाव ओपन लाइव्ह रायटर. मूळचं हे मायक्रोसॉफ्टचं विंडोज लाइव्ह रायटर, २००६ साली आलेलं. डिसेंबर २०१५ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला आणि ओपन लाइव्ह रायटर जन्माला आलं. जुनं लाइव्ह रायटर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं, त्यामुळे ते कुठल्यातरी अनोळखी साइटवरून डाउनलोड करायच्या भानगडीत पडू नका. ओपनवालं फुकट आहे. फक्त विंडोजवर चालतं आणि गेल्या काही वर्षांत त्यात फारसं नवीन काही आलेलं नाही. दिसतंही तसंच जुनाट. पण घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर निवांत चालतं. मॅकवाल्यांसाठी मार्सएडिट आहे, त्याला पैसे पडतात.

पहिल्यांदा उघडलं की ते ब्लॉगचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड विचारतं. एवढ्यापुरतं नेट लागतंच. वर्डप्रेस असेल तर तुमचा नेहमीचा पासवर्ड देऊ नका. डिसेंबर २०२०च्या ५.६ आवृत्तीपासून प्रोफाइलच्या पानावर ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ तयार करता येतो. लॅपटॉप हरवला तर तेवढाच रद्द करायचा, बाकी खातं सुरक्षित. पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर बहुतेक होस्टिंगवाल्याने एक्सएमएल-आरपीसी बंद ठेवलेलं असतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरला ब्लॉगमध्ये शिरायचं ते दार. हॅकर लोक त्याच दारावर पासवर्ड आपटत बसतात म्हणून काही जण ते बंद ठेवतात. त्यांना विचारून बघा.

जोडताना आणखी एक प्रश्न येतो: ‘थीम ओळखण्यासाठी तात्पुरती पोस्ट टाकू का?’ हो म्हटलं की ते एक पोस्ट टाकतं, थीम उचलतं आणि पोस्ट पुसतं. फायदा असा की प्रीव्ह्यूमध्ये लेख अगदी तुमच्या ब्लॉगसारखा दिसतो. पण तुमचे वाचक ईमेलवर पोस्ट मिळवत असतील, तर ती विचित्र पोस्टही त्यांच्याकडे जाऊ शकते. माझं मत विचाराल तर ‘नाही’ म्हणा.

आता मराठी टायपिंग. विंडोज १० मध्ये २०१९च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, आणि एकदा घेतला की तो नेटशिवाय चालतो. फोनवर ‘namaskar’ टाइप करून ‘नमस्कार’ मिळवायची सवय असेल तर हात लगेच बसतो. लोकलमध्ये लॅपटॉप उघडणं शक्यच नाही (सकाळची डोंबिवली फास्ट ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको), म्हणून प्रवासात मी फोनच्या नोट्समध्ये मुद्दे लिहितो आणि घरी केबलने लॅपटॉपवर घेतो. वर्डमधून किंवा वेबपानावरून मजकूर आणताना ‘पेस्ट स्पेशल’ वापरा, नाहीतर तिथले फॉन्ट आणि रंग सगळे ब्लॉगवर येऊन बसतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे मराठीत लिहिणाऱ्यांचं बहुतेक लक्षच जात नाही, ती म्हणजे लेखाचा वेबपत्ता. वर्डप्रेस तो शीर्षकावरूनच बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं धरून, ३ बाइटचं असतं, आणि पत्त्यात ते ९ अक्षरं खातं. पत्त्याच्या या भागाला मर्यादा २०० अक्षरांची. ‘ठाणे’ची होतात ३६, ‘कल्याण’ची ५४, ‘डोंबिवली’ची ७२. नुसती तीन शहरांची नावं लिहिली की मधल्या आडव्या रेघा धरून १६४ संपली! २०१७ साली डोंबिवलीत ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्यावरच्या लेखाला ‘डोंबिवलीतलं नव्वदावं साहित्य संमेलन’ असं शीर्षक दिलंत, तर पत्ता ‘डोंबिवलीतलं-नव्वदावं-साह’ इथेच तुटतो. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची भलीमोठी माळ दिसते, आणि ती बघून लोकांना वाटतं व्हायरसच आला.

ओपन लाइव्ह रायटरमध्ये पोस्टच्या गुणधर्मांत ‘स्लग’ नावाचा रकाना आहे. तिथे रोमन लिपीत दोन-तीन शब्द लिहा, पत्ता आटोपशीर होतो. हे प्रकाशित करण्याआधीच करा. नंतर पत्ता बदलला तर आधी शेअर केलेल्या लिंक तुटू शकतात.

ब्लॉगरवर दुखणं वेगळं. तिथे पूर्ण देवनागरी शीर्षक दिलं की पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा होतो. वर्षभरानंतर कुठला लेख कुठला हे पत्त्यावरून ओळखून दाखवा! उपाय सोपा आहे. ब्लॉगरच्या एडिटरमध्ये उजवीकडे ‘पर्मालिंक’ आहे, तिथे स्वतःचे शब्द द्या. ब्लॉगरसाठी या सॉफ्टवेअरची आणखी एक अडचण म्हणजे फोटो. ते पिकासाच्या वाटेने चढायचे आणि गुगलने ती वाट २०१९ मध्ये बंद केली. म्हणून ब्लॉगरवाल्यांनी लेख इथे लिहावा, खालच्या ‘सोर्स’ टॅबमधला कोड उचलून ब्लॉगरच्या एचटीएमएल व्ह्यूमध्ये टाकावा, आणि फोटो तिथेच जोडावेत.

सेव्ह करताना दोन पर्यायांत गोंधळ होतो. ‘लोकल ड्राफ्ट’ म्हणजे लेख तुमच्याच लॅपटॉपवर. ‘पोस्ट ड्राफ्ट टू ब्लॉग’ म्हणजे तो ब्लॉगवर गेला, पण वाचकांना अजून दिसत नाही. प्रकाशनाची तारीख-वेळही आधी देता येते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर गर्दीत उभं राहून पोस्ट चढवायची कसरत करण्यापेक्षा आदल्या रात्री वेळ लावून ठेवलेली बरी.

लोकल ड्राफ्ट ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘माय वेबलॉग पोस्ट्स’ या फोल्डरमध्ये जातात. हा फोल्डर महिन्यातून एकदा तरी पेनड्राइव्हवर कॉपी करा. ब्लॉगची सेवा कायम राहतेच असं नाही. पोस्टरस ही सेवा एप्रिल २०१३ मध्ये बंद झाली, आणि तिथलं लिखाण वेळेत उतरवून घ्यायची जबाबदारी लिहिणाऱ्यांवरच आली. मात्र या फाइली फक्त याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, म्हणून प्रत्येक लेखाची एक साधी टेक्स्ट कॉपी नोटपॅडमध्येही ठेवा. सेव्ह करताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ आहे ना, ते बघा. २०१९च्या आधीच्या विंडोजमध्ये तिथे आपोआप ‘एएनएसआय’ असायचं, आणि त्यात सेव्ह केलेल्या मराठीची नुसती प्रश्नचिन्हं होतात. फाइल बंद केल्यावर ती परत अक्षरं होत नाहीत.