शिलेदाराचा घोडा
मराठ्यांच्या फौजेंत बारगिरास घोडा सरकारांतून मिळे. शिलेदारास तो पदरच्या पैशानें घ्यावा लागे. रणांत घोडा पडला कीं शिलेदारीही गेली. त्यामुळें घोड्याची पारख हा त्याच्या घरादाराच्या पोटाचा प्रश्न होता. शालिहोत्राच्या नांवावर भोंवऱ्यांचें शुभाशुभ पाहण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु भोंवऱ्यावरून अधू पाय ओळखतां येत नाहीं. आमच्या मतें विचारावयाचें तें निराळेंच. दांतांवरून वय किती ठरतें? खूर निकोप आहेत काय? दौडीनंतर श्वास लवकर स्थिरावतो काय? आणि इतका गुणी घोडा धनी विकतो कां? माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत आजही घोडे विकावयास येतात. तेथेंही या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत थैलीची गांठ सोडूं नये.