पाणबुडीवरील संगणकीय खेळ : किती खरे, किती कल्पित?

विमान चालविण्याच्या संगणकीय खेळात ढग दिसतात, मोटारींच्या शर्यतीत रस्ता दिसतो. पाणबुडीच्या खेळात मात्र बराच काळ काहीच दिसत नाही. पडद्यावर एक नकाशा असतो, त्यावर पेन्सिलीने ओढलेल्या काही रेषा असतात आणि ध्वनिग्राहकातून दूरच्या जहाजाच्या पंख्याची अस्पष्ट घरघर ऐकू येत असते. तरीही गेली चार दशके या खेळांना जगभर निष्ठावंत खेळाडू लाभले आहेत. हे खेळाडू आपल्या खेळाकडे करमणुकीपेक्षा ‘सिम्युलेशन’, म्हणजेच वास्तवाची अनुकृती म्हणून पाहतात. साहजिकच, ही अनुकृती मूळ वस्तूशी कितपत प्रामाणिक आहे, हा त्यांच्यातील चर्चेचा कायमचा विषय ठरला आहे.

नाण्याच्या यंत्रापासून संगणकापर्यंत

या खेळांची सुरुवात संगणकावर झाली नाही. जपानच्या सेगा कंपनीने १९६६ मध्ये ‘पेरिस्कोप’ नावाचे विद्युत-यांत्रिक यंत्र बाजारात आणले, तर अमेरिकेतील मिडवे कंपनीचा ‘सी वुल्फ’ हा खेळ १९७६ मध्ये आला. नाणे टाकायचे, पेरिस्कोपला डोळा लावायचा आणि समोरून जाणाऱ्या जहाजावर टॉर्पेडो सोडायचा, एवढाच त्यांचा आवाका होता.

खऱ्या अर्थाने अनुकृती म्हणता येईल अशा पहिल्या खेळांमध्ये मायक्रोप्रोज कंपनीच्या ‘सायलेंट सर्व्हिस’चा (१९८५) समावेश होतो. सिड मायर यांनी रचलेला हा खेळ दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात लढलेल्या अमेरिकी पाणबुड्यांवर बेतलेला होता. वास्तवाचे प्रमाण खेळाडूने स्वतः ठरवायचे, ही कल्पना त्यात होती. सदोष टॉर्पेडो, नागमोडी मार्गाने जाणारे ताफे, अधिक तरबेज विनाशिका अशा अडचणी एकेक करून स्वीकारता येत. अडचणी जितक्या जास्त, तितके गुण अधिक. हीच पद्धत पुढे ‘एसेस ऑफ द डीप’ (१९९४) आणि ‘सायलेंट हंटर’ (१९९६) यांसारख्या खेळांच्या काळातही टिकून राहिली. युबीसॉफ्टच्या रुमानियातील चमूने केलेल्या ‘सायलेंट हंटर ३’मध्ये (२००५) तर वास्तवाची चक्क टक्केवारीच दाखविली जाते. मर्यादित इंधन, मर्यादित प्राणवायू, बाहेरून दिसणारे दृश्य बंद आणि नेमबाजीचे गणित स्वतः करणे हे सर्व पर्याय स्वीकारले, की आकडा शंभरावर पोहोचतो.

त्रिकोणाचे गणित

या शंभर टक्क्यांतील सर्वात कठीण भाग म्हणजे नेमबाजी. टॉर्पेडो हा बंदुकीच्या गोळीसारखा क्षणार्धात पोहोचत नाही. जर्मनीचा ‘जी-७-ई’ हा विजेवर चालणारा टॉर्पेडो ३० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपंधरा मीटर वेगाने जात असे. एक हजार मीटर अंतर कापण्यास त्याला ६५ सेकंद लागत. तेवढ्या वेळात लक्ष्य जहाज जिथे पोहोचेल, तिथे नेम धरावा लागे. त्यासाठी जहाजाचे अंतर, त्याचा वेग आणि त्याच्या नाळेचा आपल्या दृष्टिरेषेशी होणारा कोन या तीन गोष्टी हव्यात.

वेग काढण्याची एक जुनी रीत खेळातही जशीच्या तशी वापरता येते. पाणबुडी जवळजवळ स्थिर ठेवून पेरिस्कोपमधील उभी रेषा एका जागी धरायची आणि जहाजाची नाळ ते मागचे टोक त्या रेषेवरून सरकण्यास किती सेकंद लागतात, ते घड्याळात पाहायचे. १२० मीटर लांबीच्या जहाजाला २० सेकंद लागले, तर त्याचा वेग सेकंदाला ६ मीटर, म्हणजे जवळपास पावणेबारा नॉट. टॉर्पेडोच्या ६५ सेकंदांच्या प्रवासात हे जहाज ३९० मीटर पुढे गेलेले असते. वेगाच्या अंदाजात दोन नॉटची चूक झाली, तर टॉर्पेडो सुमारे ६७ मीटर चुकतो. जहाजाच्या मध्यावर धरलेला नेम दोन्ही बाजूंना साठच मीटरची मुभा देतो. म्हणजे दोन नॉटची चूक आणि टॉर्पेडो वाया!

अंतरासाठी जहाजाच्या डोलकाठीची उंची माहीत असावी लागते. ती पेरिस्कोपमध्ये किती कोनात दिसते, यावरून अंतर निघते. इथेच खेळाच्या अचूकतेची कसोटी लागते. डोलकाठी प्रत्यक्षात ३० मीटर असेल आणि खेळातील जहाजांच्या पुस्तिकेत ती २५ मीटर छापली असेल, तर एक हजार मीटरवरचे जहाज ८३३ मीटरवर असल्याचे उत्तर येते. खेळाडूचे गणित बरोबर, पण निकाल चुकीचा. म्हणूनच हौशी मंडळींनी खेळांत ज्या सुधारणा केल्या, त्यांत डोलकाठ्यांच्या उंचीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलांना मोठे स्थान आहे. ‘सायलेंट हंटर ३’साठी खेळाडूंनीच घडविलेला ‘ग्रे वुल्व्हज’ हा विस्तार अशा सामूहिक परिश्रमांचे ठळक उदाहरण मानला जातो.

ऐकू येणारा समुद्र

शीतयुद्धकालीन आणि आधुनिक पाणबुड्यांच्या खेळांत पेरिस्कोपची जागा सोनार घेते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. पण तो सरळ जात नाही. पाण्याचे तापमान, दाब आणि क्षारता यांनुसार त्याचा मार्ग वाकतो. उबदार पृष्ठजल आणि त्याखालील थंड पाणी यांच्या सीमेखाली लपलेली पाणबुडी वरच्या जहाजाला ऐकू येईनाशी होते. चांगल्या अनुकृतीत ही सीमा खेळाडूला शोधावी लागते आणि तिचा आडोसा घ्यावा लागतो.

सोनारवर केवळ ऐकत राहिल्यास आवाजाची दिशा कळते, अंतर नाही. दूरचे वेगवान जहाज आणि जवळचे संथ जहाज यांच्या दिशा सारख्याच बदलत असतात. हे कोडे सोडविण्यासाठी पाणबुडीला स्वतःचा मार्ग बदलून पुन्हा ऐकावे लागते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी काम करणाऱ्या सोनालिस्ट्स या संस्थेने ‘६८८(आय) हंटर/किलर’ (१९९७), ‘सब कमांड’ (२००१) आणि ‘डेंजरस वॉटर्स’ (२००५) या खेळांत हे विश्लेषण खेळाडूच्या हाती दिले. ‘डेंजरस वॉटर्स’मध्ये चालविता येणाऱ्या पाणबुड्यांत रशियन ‘किलो’ वर्गही आहे. भारतीय नौदलात हाच वर्ग ‘सिंधुघोष’ या नावाने ओळखला जातो.

मात्र पाणबुडी जितकी आधुनिक, तितके तिच्याविषयीचे खरे आकडे दुर्मिळ. लॉस एंजेलिस वर्गाच्या पाणबुड्यांचा वेग सांगताना अमेरिकी नौदल अधिकृतपणे ‘२५ नॉटपेक्षा अधिक’ एवढेच म्हणते. त्यापुढचा आकडा, खरी खोली, आवाजाची पातळी ही सारी गुपिते आहेत. त्यामुळे सामान्य समजुतीच्या उलट, आजच्या पाणबुडीपेक्षा ऐंशी वर्षांपूर्वीच्या पाणबुडीची अनुकृती अधिक अचूक होऊ शकते. जर्मनीच्या ‘सात-सी’ वर्गाची लांबी ६७ मीटर, पृष्ठभागावरील वेग १७.७ नॉट, पाण्याखालील वेग ७.६ नॉट आणि पाण्याखाली ४ नॉट वेगाने ८० सागरी मैलांचा पल्ला, हे सारे आता छापील पुस्तकांत उपलब्ध आहे.

सदोष टॉर्पेडोंचा धडा

यंत्राची नक्कल करणे एक वेळ सोपे. अज्ञानाची नक्कल करणे अवघड. अमेरिकेचा ‘मार्क १४’ हा टॉर्पेडो याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर टॉर्पेडो फुटत नसल्याच्या तक्रारी कप्तान करू लागले, तेव्हा दोष त्यांच्या नेमबाजीलाच दिला गेला. अखेर जून १९४२ मध्ये चार्ल्स लॉकवुड यांनी ऑस्ट्रेलियातील अल्बनीजवळ पाण्यात जाळे लावून चाचणी घेतली. टॉर्पेडो ठरविलेल्या खोलीपेक्षा सुमारे ३ मीटर खालून जात असल्याचे जाळ्याला पडलेल्या छिद्रांवरून सिद्ध झाले. चुंबकीय स्फोटकळ बेभरवशाची असल्याने ती जून १९४३ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर जुलैत ‘टिनोसा’ या पाणबुडीने एका जपानी जहाजावर १५ टॉर्पेडो सोडले. त्यातील बहुतेक अचूक लागूनही फुटले नाहीत. काटकोनात बसलेल्या जोरदार धडकेने आतील आघातकळच वाकत होती, तिरप्या धडकेत मात्र ती काम करीत होती. थोडक्यात, नेम जितका चांगला, तितका टॉर्पेडो निकामी!

‘सायलेंट हंटर ४’ (२००७) या खेळात सदोष टॉर्पेडोंचा पर्याय आहे. पण खेळाडूला इतिहास आधीच ठाऊक असतो. तो पहिल्याच मोहिमेत चुंबकीय कळ बंद करतो, खोली कमी ठेवतो आणि तिरपा नेम धरतो. जे समजण्यास खऱ्या नौदलाला जवळपास दोन वर्षे आणि अनेक फसलेल्या मोहिमा मोजाव्या लागल्या, ते त्याला पुस्तकात मिळालेले असते. वास्तवाची टक्केवारी शंभर असली, तरी ही एक सवलत कोणत्याही पर्यायाने बंद करता येत नाही.

वेळ, कंटाळा आणि मृत्यू

दुसरी सवलत काळाची. खरी मोहीम अनेक आठवडे चाले आणि त्यातील बहुतेक दिवस रिकाम्या समुद्राकडे पाहण्यात जात. ‘सायलेंट हंटर ३’मध्ये काळ १०२४ पटींनी पुढे नेता येतो, म्हणजे एक दिवस सुमारे दीड मिनिटात संपतो. डिझेलचा वास, ओलसर कपडे, एकाच बिछान्यावर आळीपाळीने झोपणे यांचा त्यात मागमूसही उरत नाही. अलीकडच्या खेळांनी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे. पोलंडमध्ये तयार झालेल्या ‘यूबोट’मध्ये खलाशांचे अन्न, हवा आणि मनोधैर्य सांभाळावे लागते. ‘वुल्फपॅक’मध्ये अनेक खेळाडू मिळून एकच पाणबुडी चालवितात. त्यामुळे एकाची चूक सर्वांना भोवते.

तिसरी आणि सर्वात मोठी सवलत मृत्यूची. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४० हजार जणांपैकी जवळपास ३० हजार परतले नाहीत. विमाने, सूक्ष्मलहरी रडार आणि उलगडलेले सांकेतिक संदेश यांच्यापुढे एकट्या मे १९४३ मध्ये चाळीसहून अधिक पाणबुड्या बुडाल्या. अमेरिकेच्याही ५२ पाणबुड्या आणि सुमारे साडेतीन हजार नौसैनिक गमावले गेले. त्यांनी बुडविलेल्या व्यापारी जहाजांवरील खलाशांची गणती वेगळीच. प्रामाणिक अनुकृतीत १९४३ नंतरची कारकीर्द जवळजवळ निश्चित पराभवाकडे जाते, आणि अनेक जाणकार खेळाडू हीच त्या खेळाच्या सच्चेपणाची खूण मानतात. पण पडदा काळा झाल्यावर जतन केलेला डाव पुन्हा उघडता येतो. खऱ्या खलाशांना ती सोय नव्हती.

तेव्हा या खेळांतून काय शिकता येते आणि काय नाही, याचा हिशेब स्पष्ट आहे. भूमिती, ध्वनिशास्त्र, बॅटरीची मर्यादा आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची सवय ते उत्तम शिकवितात. भीती मात्र शिकवीत नाहीत. तिची पुसटशी कल्पना हवी असल्यास जर्मनीतील लाबो येथील ‘यू-९९५’, शिकागोच्या संग्रहालयातील ‘यू-५०५’ किंवा आपल्याकडे विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली ‘कुरसुरा’ पाहावी. त्या अरुंद बोळातून वाकून, अंग चोरून पुढे सरकताना, टक्केवारीत न मावणारे वास्तव काय असते, ते लगेच कळते.