ठराव झाला, पाणी कुठं आहे? : महाडचं १९२७ साल



डिसेंबर संपत आला, की आपल्या कार्यक्रमात गावाचं वर्ष वाचून दाखवायची वेळ येते. कुठल्या वस्तीत नळ आला, कोणत्या गल्लीतलं गटार बांधून झालं, कुणाची मुलगी बारावीला पहिली आली, कोणत्या बचत गटानं कर्ज फेडलं, अशा बातम्या तुम्ही पाठवता आणि आम्ही त्या मोठ्या प्रेमानं वाचतो. आज मात्र आम्ही दुसऱ्याच एका गावाचं वर्ष वाचणार आहोत. गाव महाड, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातलं. साल १९२७. या एका वर्षात तिथं जे घडलं, त्यातून वर्षाचा हिशोब कसा मांडावा, हे आपल्याला शिकता येईल.

गोष्ट सुरू होते त्याच्या थोडी आधी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या तेव्हा ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांनाही वापरता याव्यात, असा तो ठराव होता. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ रोजी आपलं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तिथले पुढारलेल्या विचारांचे कार्यकर्ते. नगरपालिकेच्या अध्यक्षपदी असताना सार्वजनिक ठिकाणं सर्वांना खुली व्हावीत, यासाठी ते झटले.

म्हणजे १९२४ च्या वर्षअखेरीला महाडच्या बातम्या वाचायच्या असत्या, तर पहिली बातमी हीच ठरली असती, की तळं खुलं झालं. वहीत तसं लिहिलेलंही होतं. पण तीन वर्षं गेली तरी त्या तळ्यावर एकाही महाराच्या किंवा चांभाराच्या घरातली घागर बुडाली नाही. सवर्ण हिंदू तिथं पाणी भरत, मुसलमान भरत. पण आसपासच्या खेड्यांतून बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला आलेल्या दलित माणसाला घोटभर पाण्यासाठी वणवण करावी लागे.

पाणी आणणं हे काम कुणाचं, हे तुम्हांला सांगायला नको. घरातला हंडा रिकामा असला की चालायचं बाईनं, थांबायचं बाईनं, कुणाची तरी विनवणी करायची तीही बाईनंच. आणि वरून कुणी घागरीत पाणी ओतलं तर ओतलं. म्हणून या इतिहासात बायकांची नावं कमी दिसत असली, तरी प्रश्न पहिल्यापासून त्यांच्याच डोक्यावर होता.

आता १९२७ कडे येऊ. १९ आणि २० मार्चला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिची जुळवाजुळव रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून केली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हजारो माणसं आली. त्यांच्या पिण्यासाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात भरलेलं तळं, ते खुलं असल्याचा ठराव, आणि तरी पाणी विकतचं. महाडच्या त्या वर्षाच्या जमाखर्चात एवढी एक नोंद असती, तरी पुष्कळ कळलं असतं.

२० मार्चला लोक चार-चारच्या रांगेनं, शिस्तीत तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी घेतलं. सगळे शांतपणे मांडवाकडे परतले. त्यानंतर गावात अफवा उठवली गेली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन धावला. जेवणाच्या पंगतीतल्या माणसांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलटा हात उचलू दिला नाही. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. दही, दूध, शेण, गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात बुडवल्या गेल्या. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध झालं, असं मानणारी माणसं त्या गावात होती.

त्याच वर्षी ३ एप्रिलला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं. समाजाच्या बातम्या समाजानं स्वतः लिहाव्यात, याची गरज महाडनं दाखवून दिली होती. पुढे ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेनं तळं खुलं करणारा आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. कौन्सिलात मूळ ठराव झाला होता तोही ४ ऑगस्टलाच, चार वर्षांपूर्वी.

डिसेंबरात पुन्हा परिषद घेऊन पाणी घ्यायचं ठरलं. तेव्हा गावातल्या काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला. तळं खाजगी आहे, असं त्यांचं म्हणणं. १४ डिसेंबरला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला मांडवासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला त्या मांडवापुढे मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, आणि ते जन्मानं ब्राह्मण होते. शूद्राला आणि स्त्रीला खालची जागा देणारा ग्रंथ म्हणून तो जाळला गेला. म्हणूनच २५ डिसेंबर हा दिवस आज अनेक महिला संघटना भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात.

पाणी घ्यायला मात्र त्या वेळी कुणी गेलं नाही. दावा कोर्टात आहे, हुकूम मोडून सरकारशी भांडण नको, असा विचार करून परिषदेनं सत्याग्रह पुढे ढकलला. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून आली, पाण्याला हात न लावता. दुरून आलेल्या, तयारीनं आलेल्या माणसांना हे किती जड गेलं असेल! पण त्यांनी ते केलं.

परिषद आटोपताना बाबासाहेब खास बायकांशी बोलले. स्वच्छ राहा, जात ओळखू यावी अशा पद्धतीचं लुगडं नेसू नका, अंगावरचे ओळखीचे जड दागिने टाका, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला थारा देऊ नका, मुलींना शाळेत घाला, असा त्यांच्या सांगण्याचा मतितार्थ. ऐकणाऱ्या बायका घरी जाऊन विचार करत बसल्या नाहीत. तिथंच अनेकींनी घोट्यापर्यंत लुगडं नेसून घेतलं. चळवळीतल्या सवर्ण घरांतल्या बायकांनी त्यांना नेसायला मदत केली. तळ्याच्या पाण्यावर कोर्टाचा हुकूम होता, पण आपल्या अंगावरच्या वस्त्रावर कुणाचा हुकूम चालणार नव्हता. त्या वर्षाची ही बातमी आम्हांला सर्वांत मोठी वाटते.

कोर्टाचं काम पुढे लांबलं. महाडच्या कोर्टात दावेदार हरले, ठाण्याच्या कोर्टात हरले, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानंही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे, आणि दलितांना दूर ठेवण्याची पुरातन रूढी दावेदारांना सिद्ध करता आलेली नाही, असं न्यायालयानं म्हटलं. ओंजळ भरली त्या दिवसापासून दहा वर्षांना तीन दिवस कमी. नगरपालिकेच्या पहिल्या ठरावापासून मोजलं तर तेरा वर्षांहून जास्त.

मैत्रिणींनो, आता आपल्या गावाकडे वळू. वर्षअखेरीचा अहवाल ग्रामपंचायतीचा असो की नगरपरिषदेचा, त्यात ‘मंजूर’, ‘प्रस्तावित’, ‘खुले करण्यात आले’ असे शब्द पुष्कळ असतात. ते खोटे असतात असं आम्ही म्हणत नाही. महाडचा १९२४ चा ठरावही खोटा नव्हता, चांगल्या माणसांनी चांगल्या मनानं केलेला होता. पण ठराव झाला आणि हंडा भरला या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिली पुरुषांच्या बैठकीत तयार होते. दुसरी खरी की खोटी हे पाणी भरणाऱ्या बाईला माहीत असतं.

म्हणून या वर्षी बातम्या पाठवताना एवढं करा. ‘नळयोजना पूर्ण’ असं लिहिण्याआधी वस्तीच्या शेवटच्या घरी जा, तिथल्या मावशींना विचारा, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं. शौचालय बांधलं असेल तर त्याला दार आणि पाणी आहे का, बघा. समाजमंदिर ‘सर्वांसाठी’ असेल तर गेल्या वर्षभरात तिथं कुणाकुणाची हळद लागली, विचारा. एखाद्या आळीतल्या बायका पाणवठ्यावर अजून वेगळ्या थांबत असतील, तर तेही लिहा. ही बातमी लिहायला जड जाईल, वाचायलाही जाईल. पण गावाचं वर्ष वाचायचं, तर तिच्यासकट वाचू.

आणि ज्या ग्रामसभेत हा अहवाल वाचला जाईल, तिथं आपण मागं, भिंतीला टेकून बसायचं नाही. पुढं बसू. आधी महिला सभा होते, तिथंच प्रश्न ठरवून घेऊ. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर लिहून घ्यायचं, तिसरीनं सभेच्या वहीत ते उतरलं की नाही ते वाचून बघायचं. पुढच्या डिसेंबरात तीच वही पुन्हा उघडू आणि विचारू, ठराव झाला होता, पाणी आलं का?

तुमच्या वस्तीच्या बातम्यांची वाट पाहतो. नव्या वर्षाच्या तुम्हां सगळ्यांना शुभेच्छा.